फेजची बाटली मागवण्याआधी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई 68 वर्षांच्या असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. गेल्या वर्षभरात त्यांना दोनदा थंडीताप आणि लघवीला जळजळ होऊन मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. दुसऱ्या वेळी तर मुंबईला नेऊन इंजेक्शने द्यावी लागली. दोन्ही वेळा लघवीच्या कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा शेरा होता. आता त्या बऱ्या आहेत, पण ‘एकदा खात्री करून घेऊ’ म्हणून केलेल्या तिसऱ्या तपासणीतही तोच जिवाणू निघाला आणि घरातले सगळे धास्तावले. पुण्याच्या दिरांच्या वाचनात आले की आपल्या आतड्यात राहणारे ‘फेज’ नावाचे विषाणू प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंना मारतात आणि जॉर्जिया देशातून त्यांच्या बाटल्या मागवता येतात. सासऱ्यांचे म्हणणे असे की हे विषाणू गंगेच्या पाण्यात असतात तसे आपल्या विहिरीतही असणारच, पाणी उकळून पिण्याच्या नादात आपण ते घालवून बसलो. भगिनी विचारतात: बाटली मागवावी का, पाणी उकळणे बंद करावे का, आणि चार वर्षांच्या नातीला आजीजवळ झोपू द्यावे का?

ताई, तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरे देते, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका जागी थांबणे मला आवश्यक वाटते. तुम्ही लिहिता की सासूबाई आता व्यवस्थित जेवतात, सकाळी परसात फुले काढतात, त्यांना ताप नाही, जळजळ नाही; आणि पुढच्याच ओळीत विचारता की हा जिवाणू मारायचा कसा. तो आत्ता मारायलाच हवा, हे तुम्ही आणि घरातल्या सर्वांनी धरूनच चालला आहात. माझ्या मते सगळी गुंतागुंत तिथून सुरू झाली आहे.

लघवीत जिवाणू सापडणे आणि मूत्रमार्गाला संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतारवयातल्या अनेक स्त्रियांच्या, आणि मधुमेह असलेल्यांच्या तर विशेषच, लघवीत कोणताही त्रास नसताना जिवाणू सापडतात. अशा व्यक्तीला ताप, जळजळ, ओटीपोटात दुखणे यांपैकी काही नसेल, तर केवळ रिपोर्टसाठी प्रतिजैविके देऊ नयेत, असे आजचे वैद्यकीय मार्गदर्शन स्पष्टपणे सांगते. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावरची काही विशिष्ट शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण हे त्यातले मुख्य अपवाद. इटलीत वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण स्त्रियांचा एक अभ्यास झाला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणे नसताना ज्यांना प्रतिजैविके दिली, त्यांनाच पुढे संसर्ग अधिक वेळा झाला, आणि ज्यांना काहीच दिले नाही त्या तुलनेने बऱ्या राहिल्या. सासूबाईंचे वय वेगळे आहे, म्हणून तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्रास न देणारे जिवाणू काढून टाकले की रिकाम्या झालेल्या जागी अधिक त्रासदायक जिवाणू येऊ शकतात, ही शक्यता लक्षात ठेवण्याजोगी आहे. बरे वाटत असताना केवळ खात्रीसाठी केलेले तिसरे कल्चर मुळात आवश्यक नव्हते. त्या कागदावरची ‘आर’ या अक्षराची लांबलचक रांग पाहून जीव घाबरतो हे मी समजू शकते, परंतु ती रांग एवढेच सांगते की हा जिवाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही. सासूबाई आजारी आहेत की नाहीत, हे ती सांगत नाही.

दुसरी समजूत अशी दिसते की हा जिवाणू बाहेरून घरात शिरलेला शत्रू आहे. ई. कोलाय हा माणसाच्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी. ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिन आणि सेफलोस्पोरिन गटांतली बहुतेक औषधे मोडून टाकणारी एन्झाइमे. ती बनवण्याची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात, आणि आपल्या देशात धडधाकट माणसांच्या आतड्यांतही असे जिवाणू मोठ्या प्रमाणावर आढळतात. मूत्रमार्गात चढणारा जिवाणू बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून आलेला असतो. त्यामुळे आतड्यात काय घडते याकडे भावोजींचे लक्ष गेले, ते योग्यच झाले. त्यांनी वाचलेली गोष्ट खोटी नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

फेज म्हणजे फक्त जिवाणूंमध्येच वाढू शकणारे विषाणू. माणसाच्या पेशींना ते बाधत नाहीत. 1915 मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि 1917 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स द’हेरेल यांनी ते स्वतंत्रपणे ओळखले. द’हेरेल यांना ते मिळाले, ते रक्ती हगवणीच्या रुग्णांच्या शौचात. आणि रुग्णाला उतार पडू लागतो त्या सुमारास त्याच्या शौचात हे विषाणू वाढलेले असतात, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे आतड्यातल्या फेजांचा आणि रोगातून बरे होण्याचा काही संबंध असावा, हा विचार या शास्त्राच्या जन्माइतकाच जुना आहे.

गेल्या काही वर्षांत त्यात पुष्कळ भर पडली. आपल्या आतड्यात फेजांची संख्या साधारण जिवाणूंच्या संख्येच्या बरोबरीची असते. 2014 मध्ये केवळ जनुकीय माहितीच्या विश्लेषणातून क्रासफेज नावाचा एक फेज हाती लागला, जो जगभरातल्या बहुसंख्य समूहांत आढळतो आणि आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस या नेहमीच्या जिवाणूंवर जगतो. इतका सर्वत्र असूनही तोवर तो कोणाच्याच लक्षात आलेला नव्हता. 2013 मध्ये जेरेमी बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की काही फेज श्लेष्म्याच्या थराला, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या बुळबुळीत आवरणाला, चिकटून राहतात आणि तिथपर्यंत पोचू पाहणाऱ्या जिवाणूंना अडवतात. जर्मनीत कील येथे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूच्या वारंवार होणाऱ्या जुलाबांवर, निरोगी व्यक्तीच्या शौचातले जिवाणू गाळून काढून उरलेला द्रव पाच रुग्णांना दिला गेला आणि त्यांचा त्रास थांबला. हा अनुभव 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या द्रवात फेज होते, पण जिवाणूंचे तुकडे आणि त्यांनी तयार केलेली रसायनेही होती, त्यामुळे सगळे श्रेय फेजांना देता येत नाही. तरीही आतड्यातले फेज ही आपल्या संरक्षणाची एक खरीखुरी बाजू असावी, असे मानायला आता भक्कम आधार आहे.

पण ‘संरक्षण’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शत्रूला शोधून मारणारे सैन्य येते, आणि आतड्यातली परिस्थिती तशी नाही. तिथले बरेचसे फेज आपल्या जिवाणूला मारतच नाहीत. ते आपली जनुके त्याच्या जनुकांत मिसळून पिढ्यान्‌पिढ्या शांत पडून राहतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाने जिवाणूच्या जनुकांना इजा झाली की त्यांतले काही जागे होतात आणि जिवाणू फोडून बाहेर पडतात. काही फेज तर जिवाणूला अधिक घातक बनवतात. पटकीचे विष बनवण्याची जनुके त्या जिवाणूला एका फेजकडून मिळालेली असतात, हे 1996 मध्ये सिद्ध झाले; आणि औषधांना दाद न देण्याची जनुके बहुधा प्लाझ्मिडांमार्फत, म्हणजे जिवाणूंमधल्या जनुकांच्या सुट्या कड्यांमार्फत, पसरत असली तरी क्वचित फेजांमार्फतही जातात. म्हणून उपचारासाठी फेज निवडताना, तो जिवाणूला निश्चितपणे मारणाराच आहे आणि त्याच्यात असली जनुके नाहीत, हे प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागते. आतड्यातले फेज, त्यांचे जिवाणू, श्लेष्म्याचा थर आणि आपली प्रतिकारशक्ती हे सगळे मिळून जे एक राहते घर तयार होते, तेच बाहेरच्या जिवाणूला पाय रोवू देत नाही. त्यातला एकच घटक बाहेर काढून बाटलीत भरता येत नाही.

आता बाटलीचा प्रश्न. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे 1923 पासून एलियावा इन्स्टिट्यूट हे फेजांवर काम करणारे केंद्र आहे. तिथे फेज हा नेहमीच्या उपचारांचा भाग आहे आणि परदेशी रुग्णही तिथे जातात. भावोजींनी सांगितलेली संस्था बहुधा हीच असावी, आणि ती बनावट नाही. अडचण वेगळी आहे. पापलेटाचे जाळे वेगळे आणि बांगड्याचे वेगळे, हे खाडीकाठी राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. फेज त्याहूनही काटेकोर असतात. ई. कोलायवरचा फेज सगळ्या ई. कोलायांवर चालत नाही, त्यातल्या काही ठरावीक वाणांवरच चालतो. तयार बाटलीत अनेक फेजांचे मिश्रण असते खरे, पण सासूबाईंच्या जिवाणूवर त्यांतला एक तरी चालतो का, हे त्यांचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यावर फेज टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. ही चाचणी न करता घेतलेली बाटली म्हणजे निव्वळ अंदाज होय. शिवाय तोंडाने घेतलेले फेज जठरातल्या आम्लात मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, आणि आतड्यापर्यंत पोचले तरी तिथून मूत्राशयात पुरेसे उतरतील याची शाश्वती नाही. वाहतुकीत आणि साठवणीत त्यांची ताकद घटू शकते. भाजलेल्या जखमांवर फेज वापरून युरोपात झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेजोबर्न चाचणीत नेमके हेच झाले: तयार केलेल्या द्रवातले फेज साठवणीत इतके घटले की रुग्णांना ठरल्यापेक्षा फारच कमी मात्रा मिळाली, आणि नेहमीचे मलम अधिक लवकर गुणकारी ठरले. मे महिन्याच्या उकाड्यात कुरियरने कोकणात येणाऱ्या पार्सलाबद्दल मला याच कारणाने धास्ती वाटते.

तुमच्या प्रश्नाला अगदी जवळची चाचणी तिबिलिसीतच झाली आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया व्हायची असलेल्या आणि मूत्रसंसर्ग असलेल्या पुरुषांच्या थेट मूत्राशयात फेज सोडले गेले. कोणालाही विशेष अपाय झाला नाही, पण औषध नसलेला द्रव ज्यांना दिला त्यांच्यापेक्षा या रुग्णांना अधिक फायदा झाल्याचेही दिसले नाही. ढाक्यात जुलाब झालेल्या 6 ते 24 महिन्यांच्या 120 मुलांना तोंडाने फेज देऊन पाहिले गेले. 2016 मध्ये आलेला निष्कर्ष तसाच होता: अपाय नाही, गुणही नाही. मुलांच्या आतड्यात त्या फेजांना वाढायला पुरतील इतके ई. कोलाय मुळी नव्हतेच.

याचा अर्थ फेज निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही, आणि तुमच्या भावोजींच्या उत्साहावर पाणी ओतण्याचा माझा हेतूही नाही. बेल्जियमच्या पुढाकाराने 12 देशांत उपचार झालेल्या 100 रुग्णांचा अहवाल 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे इतर उपायांनी हटत नसलेल्या संसर्गांचे रुग्ण होते. त्यात 77 टक्क्यांहून अधिक संसर्गांत रुग्णाची प्रकृती सुधारली आणि सुमारे 61 टक्क्यांत जिवाणू पूर्ण नाहीसा झाला. या रुग्णांची तुलना करायला दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायचे. मला त्यातली अधिक बोलकी गोष्ट ही वाटते की ज्यांना फेजांबरोबर प्रतिजैविक दिले नव्हते, त्यांच्यात जिवाणू नाहीसा होण्याची शक्यता पुष्कळच कमी होती. म्हणजे फेज प्रतिजैविकाची जागा घेत नाही, त्याला साथ देतो. आणि आपल्याच किनाऱ्याने दक्षिणेला गेलात, तर मंगळूरच्या संशोधकांनी कोळंबीच्या पिल्लांना मारणाऱ्या व्हिब्रिओ हार्वेयी या जिवाणूवर फेज वापरून हॅचरीच्या टाक्यांत चांगले यश मिळवले आणि ते 2007 मध्ये प्रसिद्ध केले. तिथे जिवाणू ओळखीचा होता, त्यावर चालणारा फेज आधी निवडला होता आणि पाण्याची टाकी चार भिंतींतली होती. सासूबाईंच्या बाबतीत यांतले आज काहीच नाही.

भारतात कोणतेही फेज-औषध मान्यताप्राप्त म्हणून दुकानात मिळत नाही. उद्या दुर्दैवाने असा प्रसंग आला की संसर्ग खरोखर आहे, त्रास आहे, आणि कल्चरमधले एकही औषध लागू पडत नाही, तर संसर्गरोगतज्ज्ञाला ‘फेजचा विचार करता येईल का’ असे जरूर विचारावे. तेव्हा जिवाणूचा नमुना पाठवून फेज जुळवणे, परवानगी घेणे आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली ते देणे असा तो मार्ग असेल. आज मात्र बाटली मागवू नका. ते पैसे सासूबाईंच्या साखरेच्या तपासण्यांसाठी ठेवा.

सासऱ्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, हे त्यांना अवश्य सांगा. 1896 मध्ये आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅनकिन यांनी लिहून ठेवले आहे की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो. त्यामागे फेज असावेत, असे पुढे अनेकांनी मानले. पण त्याच गंगेच्या काठी पटकीच्या साथी येतच होत्या, हेही तितकेच खरे. फेज तिथेच असतो जिथे त्याचा जिवाणू असतो. आतड्यातल्या जिवाणूंचा फेज विहिरीत सापडला, तर त्याचा सरळ अर्थ असा की विहिरीत मैला पोचला आहे. क्रासफेजचा उपयोग आज पाण्यातला मैला ओळखण्यासाठीच केला जातो.

आणि कोकणात हा धोका काल्पनिक नाही. आपला जांभा सच्छिद्र, भेगाळ असतो. उन्हाळ्यात तळाशी गेलेले विहिरीचे पाणी जुलैत इतके वर येते की काठावर वाकून कळशी बुडवता येते, आणि तेव्हा शोषखड्ड्यातले पाणी आणि विहिरीचे पाणी यांच्यामध्ये जांभ्याच्या भेगांखेरीज फारसे काही उरत नाही. म्हणून पाणी उकळणे बंद करू नका; पावसाळ्यात तर एक दिवसही नको. ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घेऊन ती विहिरीत कोरडी फेकण्याऐवजी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडा. अर्ध्या तासाने पाण्यातला क्लोरीन तपासण्याच्या ओटी चाचणीत पिवळा रंग येतो का, ते जलसुरक्षकाकडून पाहून घ्या. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर तो हलवण्याचा खर्च मला कोणत्याही बाटलीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. उकळलेल्या पाण्याने पोटातले फेज जातात, ही शंकाही मनातून काढून टाका. ते आपल्या जिवाणूंबरोबर आतच वाढतात, रोजच्या पाण्यातून त्यांची भरती करावी लागत नाही.

नातीला आजीजवळ खुशाल झोपू द्या. एका घरात राहणाऱ्यांच्या आतड्यांतले जिवाणू एकमेकांकडे जातात, ते मुख्यतः शौचानंतर न धुतलेल्या हातांवरून. अंथरुणातून किंवा मायेने जवळ घेतल्याने नव्हे. आजीसाठी वेगळे ताट, वेगळा पेला ठेवण्याची गरज नाही, आणि तसे केल्यास त्यांच्या मनाला जे लागेल त्यावर औषध नाही. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधी घरातल्या सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत, एवढे पुरे. नातीला सर्दीखोकला झाला की दुकानातून प्रतिजैविकाचे सिरप आणू नका. बहुतेक सर्दी विषाणूंची असते, त्यावर त्या औषधाचा उपयोग नसतो, आणि तिच्या आतड्यात नुकती वसत असलेली वस्ती मात्र विस्कटते.

सासूबाईंसाठी हाच मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. भावोजींना पोटातल्या फेजांची काळजी असेल, तर त्यांच्यासाठी करण्याजोगे एक काम निश्चित आहे: गरज नसताना प्रतिजैविक घेऊ न देणे. पाकिटावर उभी लाल रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घ्यायची नाहीत. जिथे ‘दोन दिवस घेऊन बघा’ म्हणून गोळ्या मिळतात, त्या दुकानात हे सांगायला थोडा धीटपणा लागतो, पण तो दाखवाच.

पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांशी बोलण्यासारखे बरेच आहे. पाळी गेल्यानंतर वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांना योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम देतात. त्याने तिथले उपकारक जिवाणू परत येतात आणि संसर्ग कमी होतात. सासूबाई हा विषय स्वतःहून काढणार नाहीत, तेव्हा तुम्हीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यांच्यासोबत जा आणि त्यांना हे मलम चालेल का, ते विचारा. त्यांचे मूत्रपिंड आणि हृदय ठीक असेल, तर दिवसभरात पाणी अधिक प्यावे. बाहेर गेल्यावर सोय नाही म्हणून पाणी न पिण्याची सवय आपल्याकडच्या बायकांना फार असते, ती मोडायला हवी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. साखर आटोक्यात ठेवा. नाचणी, कुळीथ, चवळी, केळफूल, पालेभाज्या हे आपले रोजचे जेवण आतड्यातल्या जिवाणूंना पोसणारे आहे; त्याने ईएसबीएल जाईल असे मी म्हणत नाही, पण दुकानातल्या महागड्या पावडरीपेक्षा ते बरे.

तीनही कल्चर रिपोर्ट, घेतलेल्या औषधांची नावे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट एका फाइलीत घालून दाराजवळच्या कपाटात ठेवा. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या किंवा तापात त्या असंबद्ध बोलू लागल्या, तर घरी काहीही करून न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, ती फाइल घेऊन रुग्णालय गाठा. तिथे पहिले औषध देण्यापूर्वी लघवीचा नमुना कल्चरसाठी घ्यायला सांगा आणि ‘आधी ईएसबीएल निघाला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. कोणते औषध निवडायचे, हे त्यावरच ठरणार आहे. केवळ जळजळ असेल आणि ताप नसेल, तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिन यांसारखी तोंडाने घ्यायची औषधे अनेक ईएसबीएल ई. कोलायांवर अजूनही चालतात. तुमच्या रिपोर्टांत त्यांच्यापुढे ‘एस’ (औषध लागू पडते) आहे की ‘आर’ (लागू पडत नाही), ते आज रात्रीच पाहून ठेवा.